धुरीने कधी कुणाला विचारलं नाही

रमाकांत धुरीबद्दल लोक चांगलं बोलायला लागले की माझं डोकं फिरतं. चिंचपोकळी स्टेशनबाहेरच्या गल्लीत त्याचा गाळा आहे आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून माझं मसाला कांडपाचं दुकान. एकतीस वर्षं मी त्या माणसाचा खोकला, त्याचा रेडिओ आणि त्याचा तोरा ऐकते आहे. जुन्या गाड्यांचे शौकीन माझ्या दारात उभे राहून सांगतात, "कांताताई, तुमच्या शेजारी हिरा आहे, हिरा!" मी म्हणते, न्या ना मग घरी. आठ दिवस शेजारी ठेवून बघा आणि मग मला येऊन सांगा.

धुरी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, तेही फक्त जुन्या गाड्यांचं. फियाट, अँबेसेडर, मॉरिस, एखादी हेराल्ड. नवी गाडी चुकून गल्लीत शिरली तर तो हातातलं काम न सोडता म्हणतो, "मोबाइलच्या दुकानात घेऊन जा." दारात बाकडं नाही, कारण गिऱ्हाइकाने बसलेलं त्याला चालत नाही. पंखा एकच, तोही त्याच्याकडे तोंड करून. आत भिंतीवर लांबलचक फळी आहे आणि त्या फळीवर मेलेल्या कॉइली ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर खडूने तारीख आणि मालकाचं आडनाव. दसऱ्याला त्या फळीला तो हारसुद्धा घालतो. मी एकदा म्हटलं, "धुरी, मेलेल्यांना हार घालतोस, जिवंत माणसाला कधी चहा तरी विचार." त्यावर त्याने रेडिओ मोठा केला.

कॉइल म्हणजे पाण्याच्या पेल्याएवढा पत्र्याचा डबा. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि तेल. बॅटरीचा बारा व्होल्टचा करंट घ्यायचा, त्याचा हजारो व्होल्टचा चटका करायचा आणि इंजिनात ठिणगी पाडायची, एवढं त्या डब्याचं काम. हे मला धुरीने शिकवलेलं नाही. भिंतीपलीकडून तो एकतीस वर्षं लोकांना शिव्या घालत आला आणि त्या शिव्यांमधून मी वेचून घेतलं.

त्याचा एक नियम होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान. गिऱ्हाइकाला काही विचारायचं नाही. कुणी गाडीतून उतरून "काल काय झालं ना, मी..." एवढं बोलला की धुरी हातातला स्क्रू ड्रायव्हर वर करायचा. वर केला की पुढच्याने गप्प बसायचं. "गाडी खोटा बोलणा नाय," तो म्हणायचा. "माणूस बोलता." मालवण सोडून पन्नास वर्षं झाली, पण अपमान करायचा असला की याला मालवणी आठवते.

आता त्याचं कौतुकही सांगते, नाहीतर म्हणाल कांता एकतर्फी बोलते. गिरगावचा एक डॉक्टर मॉरिस मायनर घेऊन आला होता. गाडी सकाळी झकास चालू व्हायची, वीस-पंचवीस मिनिटं धावायची आणि बंद पडायची. अर्ध्या तासाने पुन्हा चालू. चार मेकॅनिक झाले होते. गरमीने पेट्रोल नळीत अडतंय म्हणून दोघांनी पेट्रोलचा पंप बदलला होता, तिसऱ्याने टाकी सोडवून धुतली होती. चौथ्याने कॉइलवर ओलं फडकं ठेवायला सांगितलं होतं आणि डॉक्टर बिचारा पाण्याची बाटली आणि पंचा घेऊन हिंडत होता. धुरीने बोनेट उघडलं, फडकं दोन बोटांत धरून गटारात टाकलं आणि म्हणाला, "ओलं फडकं ठेवतो तो मेकॅनिक नव्हे, वैद्य." मग गाडी चालू केली आणि नुसता उभा राहिला. वीस मिनिटं कॉइलवर तळहात ठेवून. डॉक्टरने काही बोलायला तोंड उघडलं की स्क्रू ड्रायव्हर वर. कॉइल पुरती तापल्यावर त्याने मधली जाड वायर उपसली आणि लोखंडापासून बोटभर लांब धरली. ठिणगी पडली ती पिवळी, बारीक, आळशी. "निळी पडूक होयी," धुरी म्हणाला. नवी कॉइल बसवली. मग निळी पडली, चट्‌ असा आवाज करत. डॉक्टर हात जोडून गेला. धुरीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तर काय बिघडलं ते त्याला अचूक कळायचं. का बिघडलं, हे विचारायला मात्र त्याची जीभ कधी वळली नाही. आणि गमऱ्यांच्या फियाटचं जे झालं ते त्यापायीच झालं. म्हणजे मी इतके दिवस स्वतःला तसं सांगत आले.

नायगावच्या चाळीतले आनंदा गमरे गिरणीत होते. संपानंतर एका कंपनीच्या साहेबाचे ड्रायव्हर झाले आणि साहेब परदेशी गेला तेव्हा त्याची क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी यांच्याकडे आली. पद्मिनी हे कागदावरचं नाव, आमच्याकडे तिला फियाटच म्हणतात. चाळीतली ती पहिली गाडी. चौदा एप्रिलला धुऊन पुसून, निळा झेंडा लावून गमरे ती बाहेर काढायचे आणि चाळीतली पोरं एकेका फेरीला सात-सात कोंबून बसायची. गमरे बोलायला कमी. धुरीच्या दारात दोघे तासभर एक शब्द न बोलता उभे राहायचे आणि दोघांनाही वाटायचं की गप्पा झाल्या. धुरीने ज्याचा अपमान केला नाही असा तो एकच माणूस. गमरे दोन वर्षांपूर्वी गेले.

मागे राहिल्या कमळाबाई, वय पंचाहत्तर, आणि मुलगा विनीत, बँकेत मॅनेजर. चाळ पाडायला निघाली आणि त्यांना टॉवरमध्ये घर मिळालं, बाविसावा मजला. गाड्यांसाठी यंत्राचं पार्किंग: लोखंडी फळीवर गाडी चढवायची आणि यंत्र ती वर उचलून कपाटात ठेवल्यासारखी ठेवून देतं. जागा कमी, मागणारे ढीगभर. सोसायटीच्या कमिटीने ठरवलं की मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ज्याची गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनाने फळीवर चढेल त्याचीच जागा पक्की. ढकलत आणलेली गाडी चालणार नाही. विनीतने आईला स्पष्ट सांगितलं होतं: जागा मिळाली तर गाडी राहील, नाही मिळाली तर भंगारात. आणि गाडी जानेवारीपासून बंद पडत होती.

विनीत गाडी घेऊन आला तो हातात मीटर घेऊनच. ऑनलाइन मागवलेला, पिवळा, दोन शेपट्यांचा. त्याने व्हिडिओ पाहिले होते. व्हिडिओ पाहिलेल्या माणसाचा चेहरा मला लांबून ओळखू येतो, माझ्याकडेही येतात असले. मालवणी मसाल्यात दगडफूल किती घालायचं ते मला मोबाइल दाखवून शिकवतात.

"काका, मी चेक केलंय. तीन पॉइंट दोन ओहम आहे. म्हणजे कॉइल ओके आहे. प्रॉब्लेम दुसरीकडे आहे."

"कधी चेक केलंस?" असं विचारणं साधं होतं. धुरीने विचारलं नाही. त्याने मीटर हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला.

"थंड कॉइल सगळ्यांचीच शहाणी असते," तो म्हणाला. "बँकेत जा तू."

मग तीच वीस मिनिटं, तोच तळहात, तीच पिवळी ठिणगी. कॉइल गेली होती. विनीतने मीटरच्या शेपट्या गुंडाळून खिशात टाकल्या. नवी कॉइल बसली. जुनी खडूची तारीख लावून फळीवर गेली.

मार्चमध्ये गाडी पुन्हा आली. नवी कॉइलही गेलेली. धुरीने ती सोडवली आणि दारात उजेडात धरली तेव्हा मीही पाहिली. डब्याचं बूड फुगलं होतं आणि टोपीपाशी तेल पाझरलं होतं. धुरीने चार्जिंग तपासलं, कंडेन्सर बदलला, प्रत्येक वायर बोटाने चाचपली. सगळं ठीक. "डुप्लिकेट माल," तो म्हणाला आणि तिसरी कॉइल बसवली. एप्रिल संपता संपता तिसरीही तशीच फुगून परत आली. आता त्याने दुकानदाराला फोनवर असं काही ऐकवलं की माझ्या दुकानातल्या बायकांनी कानावर पदर घेतले. शौकीन मंडळींमध्ये कुजबुज सुरू झाली. धुरीचा हात गेला म्हणे. एकाने तर माझ्यासमोर म्हटलं, "वय झालं." मी आत जाऊन हसले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मे महिन्याच्या शेवटी, चौथी कॉइल बसली त्याच आठवड्यात, कमळाबाई मसाला करायला माझ्याकडे आल्या. बेडगी आणि संकेश्वरी, दोन्ही मिरच्या घरून देठ खुडून, उन्हात वाळवून आणलेल्या. असं नेटकं गिऱ्हाईक आता राहिलं नाही. कांडप चालू झालं आणि त्या स्टुलावर बसून नाकाला पदर लावून बोलत राहिल्या. नव्या घरात त्यांना करमत नव्हतं. बाविसाव्या मजल्यावरून खाली कुत्रंसुद्धा ओळखू येत नाही म्हणाल्या.

"मग दिवसभर करता काय?"

"दिवसाचं काय गं, जातो. संध्याकाळी खाली येते. चाळ अजून पाडली नाही ना, तिच्या मागं भिंतीला गाडी आहे, तिथं जाऊन बसते. यांच्या बाजूच्या सीटवर."

"नुसत्या बसता?"

"त्रिशरण म्हणते. दोन गोष्टी सांगते त्यांना, विनीत काय म्हणाला, शेजारी कोण आलं. मेणबत्ती लावावीशी वाटते बघ, पण गाडीत काडी ओढलेली त्यांना खपत नसे, पेट्रोल असतंय म्हणायचे. म्हणून चावी फिरवते अर्धी. समोर तो लाल दिवा लागतो ना, बारकासा? तो लावते. अर्धा तास, कधी जास्त. मग बंद करून वर जाते. विनीतला सांगू नको हं. तो म्हणेल, आई, बॅटरी उतरते."

मी यंत्र बंद केलं. कमळाबाईंना वाटलं मिरची झाली.

मी दहावी नापास आहे, पण माझ्या कांडपाची मोटर दोनदा जळलेली आहे. दोन्ही वेळा कारण एकच: मोटर अडलेली, फिरत नाही, आणि वरून करंट चालूच. फिरायचं यंत्र न फिरता करंट खात बसलं की भाजतं. कॉइलचंही तेच. इंजिन फिरत असलं की ती करंट तुटक तुटक घेते, घेते आणि सोडते. इंजिन बंद आणि चावी चालू ठेवली तर करंट सलग वाहू शकतो आणि कॉइल आतल्या आत शिजते. रोज नाही, इंजिन थांबताना आतला पॉइंट, म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा तुकडा, मिटलेला राहिला तरच. म्हणून दोन महिने निभायचं आणि मग एकदम जायचं. धुरी स्वतः हे कितीतरी लोकांना ओरडून सांगायचा, चावी चालू ठेवून गाणी ऐकणाऱ्या पोरांना तर आईबापांवरून. पण गमऱ्यांच्या घरात गाडी चालवणारा विनीत एकटा, आणि तोही ती महिन्यातून एकदाच बाहेर काढायचा. म्हातारीच्या हातात चावी असेल हे धुरीच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. जी गाडी चालवत नाही ती बाई गाडीचं काय करणार?

त्या दिवशी कमळाबाई गेल्यावर मी भिंतीपलीकडे गेले. तिकडे तीन शौकीन उभे होते, बाकडं नसल्यामुळे उभेच. मी म्हटलं, "धुरी, गमरेवहिनींना एकदा विचार, गाडीत काय करतात."

त्याने मान वर केली नाही. "ती बाय गाडी चालवता काय?"

"नाही. पण विचार."

"मग तिका काय विचारूचा? आणि तुका काय समाजता यातला? तू मिरची कांड." मग शौकिनांकडे वळून मराठीत, त्यांना कळावं म्हणून, "एकतीस वर्षं शिंकतोय हिच्यामुळे. आता डोकंही चालवायला लागली."

तिघे हसले. मी परत आले आणि पुढची मिरची यंत्रात ओतली.

इथे मला थांबून एक सांगायचं आहे. मी त्या क्षणी कमळाबाईंना फोन करू शकत होते. "वहिनी, चावी फिरवू नका, त्यानेच कॉइल जाते," एवढंच. त्यांनी फिरवली नसती. फियाट फळीवर चढली असती. पण मग चौथी कॉइल टिकली असती आणि धुरी छाती फुगवून सांगत सुटला असता की बघा, माझा हात. ते मला नको होतं. मला तो एकदा तरी चारचौघांत तोंडावर पडलेला पाहायचा होता. मी मनाशी म्हटलं, नवी कॉइल आहे, रविवारपर्यंत काही होत नाही. रविवार निघून गेला की सांगू. असा विचार केला आणि रात्री जेवून झोपले.

त्या रविवारी मी नायगावला गेले. कमळाबाईंनी बोलावलं होतं, पण मी काही त्यांच्या मायेने गेले नव्हते, मी तमाशा बघायला गेले होते. टॉवरच्या पोटात शिरणारा चढ, त्याच्या तोंडाशी गाड्यांची रांग. वर खुर्चीवर कमिटीचे सेक्रेटरी, हातात क्लिपबोर्ड, गळ्यात शिट्टी. चाळीत असताना हेच गृहस्थ दुसऱ्याच्या नळाला पाइप लावताना पकडले गेले होते. आता पांढरा शर्ट घालून गाड्या मोजत होते.

धुरी चौथी कॉइल आदल्या आठवड्यात बसवून गेला होता. आता गाडी चढवायलाही तोच आला होता; विनीतवर त्याचा भरवसा नव्हता. अंगात इस्त्रीचा शर्ट, जो मी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. हात मोकळे. मी विचारलं, "जादा कॉइल आणलीस ना?" जुन्या टॅक्सीवाल्यांच्या डिकीत एक कॉइल कायम असायची, शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"कित्याक?" तो म्हणाला. "माझ्या कामावर मीच अविश्वास दाखवू?"

गाडी मागच्या सीटवर कमळाबाईंना आणि मला घेऊन रांगेत लागली. कमळाबाई नवी निळी साडी नेसल्या होत्या. खूश होत्या, लहान मुलीसारख्या बडबडत होत्या. मला म्हणाल्या, "आज सकाळी सातलाच खाली आले मी. भिंतीपाशी शेवटचा दिवस ना त्यांचा. साडेनऊपर्यंत बसले होते, तुम्ही येईपर्यंत."

अडीच तास. आता बोलून काय होणार होतं?

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. ऊन तळपत होतं, इंजिन चालू, धुरी स्टिअरिंगवर एक बोट ठेवून. आमचा नंबर आला. सेक्रेटरीने शिट्टी मारली. गाडी चढाला लागली, फळी दहा हातांवर राहिली आणि इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं.

धुरीने चावी फिरवली. स्टार्टर नुसता घरघरला. पुन्हा घरघरला. मागून हॉर्न सुरू झाले. धुरी उतरला, बोनेट उघडलं आणि कॉइलवर तळहात ठेवला. झटक्याने काढला. मी जवळ गेले होते, मला दिसलं: नवी कोरी कॉइल, बूड फुगलेलं, टोपीपाशी तेलाचा ओघळ. रांगेत उभ्या गाडीच्या कॉइलचं एका सकाळीत असं होत नाही.

तो गाळ्यातल्या फळीवरच्या सगळ्या मेलेल्या कॉइली आठवत असावा. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. मग तो वळला आणि मागच्या दाराच्या खिडकीशी वाकला. रमाकांत धुरी, ज्याने कधी कुणाला विचारलं नाही, तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, आज सकाळी चावी कुणी फिरवली होती का?"

"मी," कमळाबाई म्हणाल्या. "लाल दिवा लावला होता, यांच्यासाठी. रोज लावते. का ओ, दादा?"

हॉर्न वाजत होते. विनीत धावत येत होता. धुरीला सगळं कळलं होतं, मला दिसत होतं. जानेवारीपासूनच्या चारही कॉइली त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. एक वाक्य बोलला असता तर तो सुटला असता: बाईने चावी चालू ठेवली, कॉइल भाजली, माझा काय दोष? शौकिनांची कुजबुज तिथेच संपली असती. मीसुद्धा तेच वाक्य ऐकायला कान टवकारले होते.

"काय नाय," तो म्हणाला. "असंच विचारलं."

मग त्याने माझ्या हातातली पाण्याची बाटली ओढून घेतली, खिशातला रुमाल भिजवला आणि कॉइलभोवती गुंडाळला. ओलं फडकं. सगळ्यांसमोर. कुणीतरी मागून म्हणालं, "हा काय वैद्य आहे काय?" आणि लोक हसले. धुरी रुमालावर पाणी ओतत राहिला. पाच मिनिटं, सात मिनिटं. स्टार्टर घरघरला. सेक्रेटरीने घड्याळ पाहिलं, क्लिपबोर्डवर रेघ मारली आणि मागच्या पांढऱ्या मोठ्या गाडीला हात केला.

"काका, काय झालं?" विनीत ओरडला. "चार कॉइल! चार!"

"डुप्लिकेट माल," धुरी म्हणाला. "माझी चूक. मला माल ओळखता आला नाही. वहिनी, माफ करा." त्याने हात जोडले. चारचौघांत. अगदी मला पाहायचे होते तसे.

कमळाबाई उतरल्या आणि त्याच्या दंडाला धरून म्हणाल्या, "असू दे दादा, वस्तूच ती." मग गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. मी त्यांच्या शेजारी उभी होते. मला त्यांना हात लावायची हिंमत झाली नाही.

विनीतने भंगारवाल्याला फोन लावला तेव्हा धुरीने तो फोन त्याच्या कानावरून काढला. गाडी त्याने दोरीने ओढून आमच्या गल्लीत आणली आणि स्वतःच्या दारात उभी केली. आता त्याच्या गाळ्यासमोर दुसरी गाडी उभी करायला जागा नाही, त्यामुळे शौकीन दुसरीकडे जायला लागले आहेत. तसेही ते जाणारच होते. ज्याला नकली कॉइल ओळखता येत नाही त्याच्याकडे कोण येईल? धुरीने फियाटमध्ये पाचवी कॉइल बसवली आहे आणि वायरिंग बदललं आहे. चावी फिरवली की फक्त लाल दिवा लागतो, कॉइलपर्यंत करंट जातच नाही. इंजिनासाठी डॅशबोर्डखाली वेगळं बटण आहे, ते त्याने कमळाबाईंना दाखवलेलं नाही. त्या आठवड्यातून दोनदा बसने येतात, दिवा लावून बसतात, आणि माझ्या मिरचीने शिंकतात.

मी गाडीवरून फडकं मारते. दुकानासमोर गाडी आडवी आहे, माझं गिऱ्हाईक अडतं, एरवी मी गल्ली डोक्यावर घेतली असती.

परवा दुपारी वीज गेली, माझं यंत्र बंद आणि त्याचा रेडिओ बंद. धुरी दाराशी आला. एकतीस वर्षांत तो माझ्या उंबऱ्यापर्यंत कधी आला नव्हता.

"कांता," तो म्हणाला, "तू तेव्हा म्हणालेलीस, वहिनींना विचार म्हणून. तुका ठावक होता?"

म्हणजे त्याने आयुष्यात दुसऱ्यांदा कुणाला तरी काहीतरी विचारलं होतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा कमळाबाईंनी लगेच खरं सांगून टाकलं होतं.

"नाही रे," मी म्हटलं. "मला काय समजतंय त्यातलं?"

गिऱ्हाईक खोटं बोलतं, माणूस खोटं बोलतो, असं जन्मभर म्हणत आलेल्या त्या माणसाने मान हलवली, "तेच म्हटला," असं म्हणाला आणि परत गेला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.